लिव्हरची केस घेताना या चुका टाळा: फायनल इयर आणि इंटर्न मंडळींसाठी

मेडिसिनच्या लाँग केसला पोट फुगलेला, डोळे पिवळे झालेला पेशंट येणार हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी मार्क तिथेच जातात. कारण बहुतेकजण पाठ केलेली चिन्हं धडाधड म्हणून दाखवतात, स्पायडर नेव्हाय, पामर एरिथिमा, गायनेकोमास्टिया, आणि "अल्कोहोलिक सिऱ्होसिस विथ पोर्टल हायपरटेन्शन" (दारूमुळे लिव्हर कडक झालं, पोटातल्या पोर्टल शिरेचा दाब वाढला) म्हणून थांबतात. पण हा माणूस कितीतरी महिने, कदाचित वर्षं, तेच लिव्हर घेऊन कामावर जात होता ना, मग तो आजच का ॲडमिट झाला? इन्फेक्शन झालं, रक्ताची उलटी झाली, चार दिवस संडास झाली नाही, कोणीतरी झोपेची गोळी दिली, की दारू एकदम वाढली? याचं उत्तर तुमच्या केसशीटमध्ये नसेल तर बाकी सगळं बरोबर असूनही केस अर्धीच आहे, कारण ट्रीटमेंट या उत्तरावरच ठरते.

एलएफटी (लिव्हर फंक्शन टेस्ट) वाचताना

रिपोर्ट हातात आला की नजर आधी एसजीओटी-एसजीपीटीवर जाते. ही एन्झाइम्स लिव्हर काम किती करतंय ते सांगतच नाहीत, पेशींना इजा होतेय का एवढंच सांगतात. काम बघायचं तर बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो) बघा. जुन्या सिऱ्होसिसमध्ये एसजीपीटी अगदी नॉर्मल, ३० वगैरे असू शकतो, म्हणून "लिव्हर ठीक आहे" असं लिहू नका. उलटी चूक याहून धोक्याची: अक्यूट हिपॅटायटिसमध्ये एसजीपीटी २००० वरून झपाट्याने ३०० वर आला की नातेवाईक खूश आणि इंटर्नही खूश, पण त्याच वेळी आयएनआर वाढत असेल, पेशंट झोपाळू होत असेल तर ती सुधारणा नाहीये, इजा व्हायला पेशीच उरल्या नाहीत असा त्याचा अर्थ असू शकतो. तेव्हा सकाळच्या राउंडची वाट न बघता लगेच सिनियरला फोन करा.

लिव्हर बनवतं त्या अल्ब्युमिनची हाफ लाइफ (निम्मं उरायला लागणारा वेळ) साधारण २० दिवस आणि रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर ७ ची जेमतेम ४ ते ६ तास, त्यामुळे अक्यूट लिव्हर फेल्युअरमध्ये अल्ब्युमिन चांगलं दिसतं आणि आयएनआर आधी बिघडतो. पण नुसता आयएनआर वाढला म्हणून लिव्हर गेलं असंही नाही. ऑब्स्ट्रक्टिव्ह जॉन्डिसमध्ये पित्त आतड्यात पोचत नाही, व्हिटॅमिन के शोषलं जात नाही आणि आयएनआर वाढतो. १० मिलिग्रॅम व्हिटॅमिन के शिरेतून सावकाश द्या, २४ तासांनी परत तपासा. सुधारला तर पेशी शाबूत आहेत, अडथळा शोधा.

दारूमुळे झालेल्या हिपॅटायटिसमध्ये एसजीओटी हा एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असतो, पण तो सहसा ३००-४०० च्या वर जात नाही. आकडे हजारांत असतील तर "पितो ना, त्यामुळेच" म्हणून फाइल बंद करू नका, व्हायरल, पॅरासिटामॉलचा ओव्हरडोस, शॉकमुळे रक्तपुरवठा कमी पडणं हे सगळं शोधा. पावसाळ्यात तापाचा पेशंट असेल तर डेंगीही डोक्यात ठेवा, त्यातही एसजीओटी जास्त चढतो.

हिस्ट्री घेताना

"कधीतरी घेतो" हे उत्तर लिहून पुढे जाणं ही सगळ्यात कॉमन चूक. काय घेता, किती, रोज का, किती वर्षं, शेवटची कधी, हे शांतपणे आणि नातेवाईकांना जरा बाजूला पाठवून विचारा. १८० मिलीची एक क्वार्टर व्हिस्की म्हणजे साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, हा हिशोब आला पाहिजे. आणि दारू सापडली म्हणून शोध थांबवू नका, एचबीएसएजी आणि अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस बी आणि सी च्या तपासण्या) प्रत्येकाचं करा, शुगर आणि वजन बघा, कारण फॅटी लिव्हरवाला डायबेटिक पेशंटही सिऱ्होसिसपर्यंत पोचतो. स्त्री पेशंटला दारूचं विचारायचंच नाही असं बरेचजण करतात, ते बरोबर नाही. तरुण पेशंट, कावीळ आणि हात थरथरतायत किंवा बोलणं बदललंय असं दिसलं तर विल्सन डिसीजसाठी (शरीरात तांबं साठण्याचा आजार) स्लिट लॅम्पवर डोळे तपासून घ्या.

औषधांची हिस्ट्री म्हणजे फक्त डॉक्टरने दिलेली औषधं नाहीत. काढे, वजन कमी करायच्या पावडरी, कावीळ उतरवणाऱ्याकडची मुळी, सगळं विचारा, आणि असं विचारा की पेशंट लपवणार नाही. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या पेशंटची नोंद प्रसिद्ध केली होती, आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेपही घेतला होता, पण वाद काहीही असो, विचारायला काहीच जात नाही. टीबीची औषधं चालू असतील तर एन्झाइम्स लक्षणांसकट ३ पटीच्या वर किंवा लक्षणांशिवाय ५ पटीच्या वर गेली की लिव्हरला त्रास देणारी औषधं थांबवायची असतात. थोडी वाढ दिसली म्हणून स्वतःच्या मनाने कोर्स तोडू नका.

आणि उंदीर मारायची पेस्ट. यावर मला मुद्दाम थांबायचंय, कारण यात तरुण जीव जातात. त्या पेस्टमध्ये यलो फॉस्फरस असेल तर सुरुवातीच्या उलट्या थांबतात, पेशंट एक-दोन दिवस अगदी बरा दिसतो, घरचे डिस्चार्ज मागतात आणि मग लिव्हर फेल होतं. पेशंट हसतोय म्हणून सोडू नका, ॲडमिट ठेवा, रोज आयएनआर करा आणि ट्रान्सप्लांट सेंटरशी लवकर बोला.

तपासताना

कावीळ दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली चुकते. लिव्हर चाचपताना उजव्या इलियॅक फोसापासून (पोटाचा खालचा उजवा कोपरा) सुरुवात करा, नाहीतर मोठं लिव्हर हाताखालून निसटतं, आणि वरची कड पर्कशनने (बोटाने ठोकून) न काढता "लिव्हर वाढलंय" म्हणू नका, एम्फायसिमामध्ये (फुगलेली फुप्फुसं) ते नुसतं खाली ढकललेलं असतं. पोटावरच्या शिरा दिसल्या तर बेंबीच्या खालचा प्रवाह बघा: पोर्टल हायपरटेन्शनमध्ये तो खाली जातो, इन्फिरियर व्हेना केव्हा अडला असेल तर वर. फ्लॅप (हात ताणून धरल्यावर पंजा फडफडणं) दिसला म्हणजे एन्सेफॅलोपथीच (लिव्हरमुळे मेंदूचं काम बिघडणं) असंही नाही, युरेमिया (किडनी बिघडून रक्तात युरिया साठणं) आणि सीओटू साठणं यातही तो येतो.

असायटिस

सिऱ्होसिस आणि असायटिस (पोटात पाणी) घेऊन ॲडमिट झालेल्या प्रत्येक पेशंटचं डायग्नोस्टिक टॅपिंग (सुईने थोडं पाणी काढून तपासणं) पहिल्याच दिवशी करा, ताप आणि पोटदुखी नसली तरी. "आयएनआर वाढलाय, आधी एफएफपी (प्लाझ्मा) देऊ" म्हणून टॅप लांबवला जातो, त्याची सहसा गरज नसते. पाण्यात न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशी) घनमिलिमीटरला २५० किंवा जास्त आले की एसबीपी (त्या पाण्याचं आपोआप झालेलं इन्फेक्शन), कल्चरची वाट न बघता अँटिबायोटिक सुरू आणि सोबत अल्ब्युमिन, पहिल्या दिवशी किलोला १.५ ग्रॅम, तिसऱ्या दिवशी १ ग्रॅम. पाणी ब्लड कल्चरच्या बाटलीत बेडपाशीच टाका. सॅग (रक्तातलं अल्ब्युमिन वजा पाण्यातलं अल्ब्युमिन) १.१ किंवा जास्त असेल तर पोर्टल हायपरटेन्शन. कमी असेल तर आपल्याकडे टीबी आधी आठवायचा. ५ लिटरपेक्षा जास्त पाणी काढलं तर दर लिटरला ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन द्या. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांत स्पायरोनोलॅक्टोन १०० मिलिग्रॅमला फ्युरोसेमाइड ४० असं प्रमाण ठेवा, आणि पायाला सूज नसेल तर वजन दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरवू नका, किडनी बसते. मीठ कमी सांगताना पापड, लोणचं, फरसाण, सुकी मासळी नावं घेऊन सांगा, नुसतं "मीठ कमी" म्हटलं की लोक फक्त वरचं मीठ सोडतात.

एन्सेफॅलोपथी आणि ब्लीड

पेशंट बडबडतोय, बेड सोडून पळतोय म्हणून रात्री सिडेटिव्ह देणं ही फार महागात पडणारी चूक. आधी शुगर बघा, मग कारण शोधा: बद्धकोष्ठता, पोटॅशियम कमी, इन्फेक्शन, आतून रक्तस्राव. घाम, धडधड, बारीक थरथर आणि दारू नुकतीच सोडलेली असेल तर विड्रॉल असू शकतं, त्याची ट्रीटमेंट वेगळी, म्हणून फरक करायला शिका. लॅक्ट्युलोज (पोट साफ करणारं औषध) २-३ मऊ संडास होतील इतकंच द्या, जुलाब लागले तर डिहायड्रेशनने एन्सेफॅलोपथी वाढते. आणि प्रोटीन बंद करू नका! किलोला १.२ ते १.५ ग्रॅम रोज लागतं. घरचे हळद, तेल, डाळ, अंडं सगळं बंद करून बसलेले असतात, त्यांना बसवून समजवा, झोपायच्या आधी दूध-पोळी किंवा लाडू द्यायला सांगा.

रक्ताच्या उलटीत हिमोग्लोबिन १० करायच्या नादात रक्त चढवत बसू नका, ७ ते ८ पुरतं, जास्त दिल्याने प्रेशर वाढून परत ब्लीड होतं. पोर्टल प्रेशर कमी करणारं ऑक्ट्रिओटाइड किंवा टर्लिप्रेसिन आणि सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक एन्डोस्कोपीच्या आधीच सुरू करा.

आणि दुखण्यावर काय द्यायचं? "लिव्हर आहे, पॅरासिटामॉल नको" म्हणून डायक्लोफिनॅक दिला जातो आणि किडनी जाते, ब्लीड होतो. सिऱ्होसिसमध्ये दिवसाला २ ग्रॅमपर्यंत पॅरासिटामॉल हेच जास्त सुरक्षित. डिस्चार्ज कार्डवर हे वेगळं लिहा, त्याखाली दर ६ महिन्यांच्या सोनोग्राफीची तारीख, आणि हिपॅटायटिस बी असेल तर घरातल्या सगळ्यांची तपासणी आणि लस.