वकीलसाहेब गेले, आमदारही होते, आता त्यांची आठवण नीट कशी करायची

नागपुरात एखादे जुने वकील गेले आणि ते एकेकाळी आमदार होते तर पहिले काही दिवस कोणाला काही सांगावं लागत नाही, चौकात फ्लेक्स लागतात, सगळ्या पक्षांचे लोक घरी येऊन बसतात, पेपरात फोटो येतो, आणि तेरवी झाली की सगळं थंड. मला त्याच्या पुढचं सांगायचंय. कारण "अजातशत्रू", "गोरगरिबांचे कैवारी" हे शब्द कोणालाही लावता येतात, पण या माणसाने आयुष्यभर जी दोन कामं केली त्या दोन्हींचं लेखी रेकॉर्ड असतं, कोर्टात आणि सभागृहात. इतकं कोणाच्या मागे राहतं सांगा? ते शोधून काढणं हाच खरा मान आहे असं मला मनापासून वाटतं.

पण त्याच्याही आधी ऑफिसकडे बघा. हे कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. वकील गेले की त्यांचं वकीलपत्र तिथेच संपतं, अशिलाला नवीन वकील लावावा लागतो, आणि खेड्यावरून येणाऱ्या अशिलाला कित्येकदा साहेब गेले हेच कळलेलं नसतं. म्हणून ज्युनिअर आणि क्लार्कला सोबत घेऊन डायरी काढा, पुढच्या तारखा कोणत्या, कुठल्या अपिलाची मुदत संपून राहिली, त्याची यादी करा आणि एकेकाला फोन लावा. घरचे लोक दुःखात असतात, त्यांना हे सुचत नाही, तेव्हा हे काम ज्युनिअरनेच अंगावर घ्यावं. मूळ विक्रीपत्रं, वारसाचे कागद, मृत्युपत्रं हे सगळं अशिलाचं असतं, ते ज्याचं त्याला परत द्या आणि पोच घ्या, घाईघाईत कपाट रिकामं करून रद्दीवाल्याला तर मुळीच देऊ नका. ज्या माणसाने लोकांचे कागद चाळीस-पन्नास वर्षं सांभाळले त्याच्या मागे एकाही अशिलाची तारीख बुडू नये, यापेक्षा मोठी श्रद्धांजली मला तरी माहीत नाही.

मग कोर्ट. जिल्हा कोर्टाची आणि हायकोर्टाची बार असोसिएशन, म्हणजे वकिलांची संघटना, वेगवेगळी आहे, साहेब दोन्हीकडे प्रॅक्टिस करत असतील तर दोन्हीकडे कळवा. शोकसभा होते, हायकोर्टात रेफरन्स, म्हणजे कोर्टातच श्रद्धांजलीची बैठक होते, जज आणि वकील उभे राहून मौन पाळतात. तिथे जे बोलतात त्यांना एका पानाची टिपणी आधीच द्या: जन्म, शिक्षण, सनद कोणत्या वर्षी घेतली, कोणाच्या हाताखाली शिकले, कोणत्या प्रकारच्या केसेस केल्या. टिपणी नसली की सगळे "मनमिळाऊ स्वभाव" वर येऊन थांबतात. त्यांनी लढलेल्या केसेस लॉ रिपोर्टमध्ये, म्हणजे कोर्टाचे निकाल छापणाऱ्या खंडांत सापडतात, निकालात वकिलांची नावं छापलेली असतात, आणि त्यातलं ऑल इंडिया रिपोर्टर तर आपल्या नागपुरातूनच निघतं, बारच्या लायब्ररीत बसून एखाद्या ज्युनिअरने जुने खंड चाळले तर चांगली यादी हाती लागते. एक सांभाळा, निकालात छापलंय तेवढंच सांगा. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिली संपली तरी गुप्तच ठेवायची असा कायदा आहे, तर साहेब गेले म्हणून ती माइकवर किस्सा म्हणून येऊ देऊ नका, हसू कितीही येत असलं तरी.

विधिमंडळाचं वेगळं आहे. माजी सदस्य गेले की पुढच्या अधिवेशनात, बहुतेक पहिल्याच दिवशी, शोकप्रस्ताव येतो. विधानमंडळ सचिवालयाला मृत्यूची तारीख, कोणत्या मतदारसंघातून कोणत्या काळात निवडून आले, विधानसभा की परिषद, हे लेखी कळवून द्या म्हणजे चूक होत नाही.

आणि त्यांची भाषणं शोधा! सभागृहातलं सगळं कार्यवाहीत छापलेलं असतं, तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना, औचित्याचे मुद्दे, आमदाराने विषय मांडायचे हे सगळे प्रकार. १९५३ च्या नागपूर करारामुळे बहुतेक दर वर्षी एक अधिवेशन आपल्याकडे होतं, तेव्हा विदर्भाच्या आमदाराचं बरंच बोलणं डिसेंबरच्या थंडीत सिव्हिल लाइन्सच्या विधानभवनात झालेलं असायची शक्यता जास्त, तिथून शोधायला सुरुवात करा. कोणाचे आजोबा १९५२ साली निवडून आले असतील तर लक्षात ठेवा, ती मध्य प्रदेशची विधानसभा होती, नागपूर तेव्हा राजधानी होतं, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, म्हणजे रेकॉर्डही त्याप्रमाणे वेगवेगळ्या ठिकाणी. भाषण हाती आलं की त्यातला धरणग्रस्तांचा, कापसाच्या भावाचा, गावच्या रस्त्याचा जो काही प्रश्न असेल तो बघा आणि त्या गावात जाऊन या, पुढे काय झालं ते विचारा. काम झालं असेल तर फोटो काढा, नसेल झालं तर तेही लिहून ठेवा, त्यात त्यांचा काही कमीपणा नाही.

श्रद्धांजली सभा घाईने घेऊ नका, महिना-दीड महिन्याने घ्या. साई सभागृह घ्या नाहीतर धनवटे, पण स्टेजवर पंधरा खुर्च्या लावू नका. मंत्री आले तर त्यांना दोन मिनिटं द्या, आणि बाकीचा वेळ एखाद्या अशिलाला, विरोधात उभं राहणाऱ्या वकिलाला, ज्यांच्याशी निवडणुकीत लढले त्यांना, आणि त्यांच्या क्लार्कला. विरोधी वकिलाला नक्की बोलवा, तो त्यांची तयारी किती पक्की असायची हे सगळ्यात चांगलं सांगतो. मधे एका ज्युनिअरने त्यांचं सभागृहातलं भाषण जसंच्या तसं वाचून दाखवावं, पाच मिनिटं पुरतात, हॉल आपोआप शांत होतो. काकूंना, म्हणजे साहेबांच्या पत्नीला, स्टेजवर बसवायचा आग्रह करू नका, त्यांना विचारा, त्या समोर बसते म्हणाल्या तर समोरच बसू द्या.

पुढचं हळूहळू. पुस्तकं बारच्या लायब्ररीला किंवा लॉ कॉलेजला देता येतात पण आधी यादी द्या, जुन्या आवृत्त्या सगळ्यांनाच नको असतात. चौकाला नाव द्यायचं असेल तर महानगरपालिकेकडे अर्ज, त्याला वेळ लागतो आणि त्यात राजकारण येतं, माझ्या मते तेवढा जोर एखाद्या गरजू लॉ स्टुडंटची दर वर्षीची फी भरण्यात लावावा. सभेचं रेकॉर्डिंग, निकालांची यादी, भाषणांच्या झेरॉक्स हे सगळं स्कॅन करून एका पेन ड्राइव्हवर टाका, एक प्रत घरी, एक बारकडे, आणि एक त्यांच्या मतदारसंघातल्या वाचनालयात, तिथले पोट्टे स्पर्धा परीक्षेसाठी रोज येऊन बसतात, त्यांनाही कळू द्या आपल्या गावासाठी कोण काय बोललं होतं.