घरासाठी प्रिंटर घेताना शाईचा हिशेब कसा मांडावा

प्रिंटरची किंमत एकदाच द्यावी लागते, शाईची मात्र प्रिंटर घरात असेपर्यंत देत राहावी लागते. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी वहीत एक साधी नोंद करावी. मागच्या तीन महिन्यांत घरच्यांनी किती पाने छापून आणली, त्यांतली रंगीत किती होती आणि ती दर आठवड्याला थोडीथोडी लागली की प्रवेशाच्या किंवा परीक्षेच्या दिवसांत एकदम लागली, हे लिहून काढावे. तिसरा प्रश्न बहुतेक जण स्वतःला विचारतच नाहीत आणि माझ्या मते निवड त्याच्यावरच ठरते.

याचे कारण प्रिंटरच्या रचनेत आहे. इंकजेट प्रिंटरच्या हेडला केसाहून बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून शाईचे थेंब कागदावर फेकले जातात. प्रिंटर बरेच दिवस पडून राहिला की छिद्रांच्या तोंडाशी शाई सुकते. ती मोकळी करण्यासाठी ‘हेड क्लीनिंग’ करावे लागते, म्हणजे ताजी शाई हेडमधून काढून आतल्या शोषक पॅडमध्ये टाकली जाते. एका वर्षी मे महिन्यात आम्ही गावी गेलो होतो. परत आल्यावर मुलीचा अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज छापायला घेतला, तर प्रत्येक ओळ आडव्या पांढऱ्या रेघांनी चिरलेली निघाली. तीन वेळा सफाई केल्यावर रेघा गेल्या, पण लगेच शाई संपत आल्याची सूचना आली. त्या कार्ट्रिजवर, म्हणजे शाईच्या डबीवर, तोवर वीस-बावीस पानेही छापून झाली नव्हती.

पहिली पायरी : प्रकार ठरवणे

घरगुती वापरासाठी मुख्यतः तीन प्रकार मिळतात. कार्ट्रिजचा इंकजेट प्रिंटर विकत घेताना स्वस्त पडतो, पण चालवायला सर्वांत महाग असतो. इंक टँकचा प्रिंटर घेताना महाग असतो. त्यात बाटलीतून शाई भरता येते आणि पानामागचा खर्च पैशांवर येतो. तिसरा प्रकार काळ्या-पांढऱ्या लेझर प्रिंटरचा. त्यात द्रव शाईऐवजी टोनरची कोरडी भुकटी असल्यामुळे तो दोन महिने बंद राहिला तरी हेड सुकण्याचा प्रश्नच येत नाही. ज्या घरात रंगीत छपाई क्वचित लागते आणि छपाईत मोठे खंड पडतात, तिथे लेझर प्रिंटरच घ्यावा. फक्त तो घरच्या इन्व्हर्टरवर चालवू नये, कारण भुकटी कागदावर वितळवणारा भाग तापताना एकदम बरीच वीज ओढतो.

दुसरी पायरी : पानामागचा खर्च काढणे

कार्ट्रिजची, बाटलीची किंवा टोनरची किंमत भागिले कंपनीने सांगितलेली पाने, एवढेच गणित आहे. खाली धरलेल्या किमतींच्या जागी आपल्या गावच्या दुकानातल्या किमती घालाव्यात. समजा, 900 रुपयांच्या लहान काळ्या कार्ट्रिजवर 120 पाने निघतात. एक पान साडेसात रुपयांना पडले. टँकच्या काळ्या शाईची 400 रुपयांची बाटली 4,500 पानांना पुरते. पान सुमारे 9 पैशांना पडले. 4,000 रुपयांच्या टोनरवर 2,000 पाने निघाली, तर पान दोन रुपयांना पडते. आता टँकचा प्रिंटर कार्ट्रिजच्या प्रिंटरपेक्षा 7,000 रुपयांनी महाग आहे असे धरले, तर तो फरक साधारण 950 पानांत भरून निघतो. महिन्याला 100 पाने छापणाऱ्या घरात त्याला दहा महिनेही लागत नाहीत, पण महिन्याला 30 पाने छापणाऱ्या घरात अडीच वर्षांहून अधिक काळ लागतो.

कंपनीचा पानांचा आकडा मात्र जसाच्या तसा धरू नये. इंकजेटसाठी आयएसओ/आयईसी 24711 आणि काळ्या लेझरसाठी आयएसओ/आयईसी 19752 या मानकांनुसार ठरावीक नमुना पाने सलग छापून तो काढतात, त्यामुळे खंड पडल्यावर सफाईत जाणारी शाई त्यात दिसत नाही. शिवाय टँकच्या प्रिंटरमध्ये पहिल्यांदा भरलेल्या शाईतली काही नळ्या भरण्यातच जाते, म्हणून पहिल्या बाटल्यांवर पाने कमी निघतात.

तिसरी पायरी : दुकानात विचारायचे प्रश्न

बाटल्या किंवा टोनर आपल्या गावात सहज मिळतात का, हे आधी विचारावे. हेड ग्राहकाला स्वतः बदलता येते का, हेही विचारावे, कारण काही टँक प्रिंटरमध्ये ते पक्के बसवलेले असते आणि दुरुस्तीचा खर्च जड जातो. सफाईची शाई साठवणारे पॅड भरले की प्रिंटर छपाई थांबवतो. ते घरी बदलता येणाऱ्या डब्यात आहे की त्यासाठी सेवा केंद्रात जावे लागेल, हे वॉरंटीइतकेच महत्त्वाचे आहे. लेझरच्या बाबतीत सोबत येणारा टोनर पूर्ण भरलेला आहे की कमी पानांचा, एवढे पाहावे.

चौथी पायरी : रोजचा वापर

टँकचा किंवा कार्ट्रिजचा प्रिंटर असेल, तर आठवड्यातून एकदा सगळे रंग असलेले एक पान छापावे. एका पानाची शाई सफाईच्या शाईपेक्षा स्वस्त पडते. प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करावा, म्हणजे हेड आपल्या जागी जाऊन त्यावर झाकण बसते. छापता छापता भिंतीवरचे बटण बंद केले, तर हेड उघडेच राहते. रेघा दिसल्या की लगेच सफाई न करता आधी ‘नॉझल चेक’चे पान काढावे. त्यावर प्रत्येक रंगाची बारीक जाळी छापून येते आणि जिथे रेघ तुटलेली दिसते तो रंग अडकलेला असतो. दोन वेळा सफाई करूनही फरक पडला नाही, तर प्रिंटर रात्रभर तसाच ठेवून सकाळी पुन्हा तपासावे. टँकमधली शाई खालच्या खुणेच्या खाली जाऊ देऊ नये, कारण नळ्यांत हवा शिरते.

कार्ट्रिज वापरणाऱ्यांनी ड्राफ्ट छपाई, म्हणजे कमी शाईची फिकी छपाई, जरूर वापरावी. टँक असलेल्या घरात मात्र बचतीची जागा वेगळी असते. 500 कागदांचे रीम 300 रुपयांना धरले, तरी एक कागद 60 पैशांना पडतो, म्हणजे 9 पैशांच्या शाईच्या सहापटीहून जास्त. तिथे फिकी अक्षरे वाचत डोळे ताणण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी छापणे अधिक फायद्याचे आहे. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, उघडे रीम प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवावे. दमट कागद आत अडकतात आणि फुकट जातात.

शाई विकत घ्याल तेव्हा बाटलीवर तारीख आणि किंमत पेनने लिहून ठेवावी. प्रिंटरमधून छापलेल्या एकूण पानांचा आकडा मिळत असेल, तर तोही त्याच दिवशी वहीत टिपावा. वर्षाने शाईवर झालेल्या खर्चाला तेवढ्या काळात छापलेल्या पानांनी भागले की सफाईसकटचा खरा दर कळतो. त्यात कागदाची किंमत मिळवूनही तो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या दरापेक्षा जास्त निघाला, तर पुढची कार्ट्रिज घेण्याआधी पाने त्याच्याकडेच छापून आणायची की लेझर घ्यायचा, हे ठरवावे.