जपानच्या राजघराण्याच्या धाकट्या पात्या समजून घ्यायच्या तर वंशवृक्ष स्वतः कसा काढायचा

जपानच्या सम्राटाच्या घराण्याबद्दल वाचायला बसलं की दहा मिनिटांत नावांचा गुंता होतो आणि बहुतेक जण तिथेच सोडून देतात. सोडू नका, कारण खरी मजा धाकट्या पात्यांमध्येच, म्हणजे मुख्य घराण्यातून फुटलेल्या शाखांमध्येच आहे. जपानीत या घरांना मियाके म्हणतात. गादीवर पोरगा नसला तर यांच्यातून आणायचा, त्यासाठीच ही घरं राखून ठेवलेली. नुसतं वाचून ते डोक्यात बसत नाही, स्वतः काढावं लागतं. एक मोठा कागद आडवा घ्या, पेन्सिल, खोडरबर आणि लाल-निळा असे दोन पेन.

आधी नावांचं बघू. या घराण्याला आडनावच नाही. मिकासा, ताकामात्सु, आकिशिनो ही जी आडनावं वाटतात ती घराची नावं, माणसाचं नाव वेगळंच असतं. मिकासा म्हणजे ताकाहितो, ताकामात्सु म्हणजे नोबुहितो, दोघंही शोवा सम्राट हिरोहितोचे सख्खे भाऊ. त्यामुळे प्रत्येक चौकटीत वर घराचं नाव, खाली माणसाचं नाव आणि त्याखाली बापाचं नाव लिहायचंच लिहायचं. बापाचं कशाला? तर फुशिमी घराचा मूळ पुरुष योशिहितो, आरिसुगावा घराचा मूळ पुरुषही योशिहितो, 1988 साली नवीन कात्सुरा घर मिळालं तोही योशिहितो आणि खुद्द तैशो सम्राटाचं नावसुद्धा योशिहितो. लिहिताना पहिलं अक्षर वेगळं असतं पण आपल्या कानाला सगळे एकच, बापाचं नाव नसेल तर चार माणसं एका चौकटीत जाऊन बसतात.

आता झाड वरून नाही, खालून काढायला घ्या. अगदी खाली आजचे सम्राट नारुहितो, 126 वे. त्यांच्यावर आकिहितो, मग शोवा, तैशो, मेइजी, कोमेई, निन्को आणि कोकाकु, इथपर्यंत बाप-लेक बाप-लेक अशी सरळ रेघ जाते, ती लाल पेनने काढा. पण कोकाकुचा बाप सम्राट नव्हता! इथे रेघ बाजूला वळवा, तो आला कानइन नावाच्या धाकट्या पातीतून. त्याचं असं झालं की 1779 मध्ये सम्राट गो-मोमोझोनो ऐन एकविशीत गेला, मागे फक्त एक तान्ही मुलगी, म्हणून कानइन घरातला आठ-नऊ वर्षांचा मुलगा दत्तक घेऊन गादीवर बसवला आणि पुढे त्याच तान्ह्या मुलीशी त्याचं लग्न लावलं.

हे कानइन घर तेव्हा काही फार जुनं नव्हतं. त्याआधी धाकट्या राजपुत्रांना मठात पाठवायची पद्धत होती, मठात गेला की वंश संपला. आराई हाकुसेकी म्हणून शोगुनचा, म्हणजे तेव्हा खरी सत्ता चालवणाऱ्या लष्करी सरदाराचा, सल्लागार होता, त्याचं म्हणणं असं की असंच चाललं तर एक दिवस गादीला माणूस उरणार नाही, मग 1710 मध्ये सम्राट हिगाशियामाचा मुलगा नाओहितो याच्यासाठी हे घर काढलं. सत्तर वर्षं व्हायच्या आत त्याची गरज पडली. माझ्या मते सगळ्या झाडातली सगळ्यात महत्त्वाची चौकट नाओहितोचीच, त्याला ठळक करा. कोकाकुने पुढे आपल्या वडिलांना निवृत्त सम्राटाचा मान मिळावा म्हणून बरीच वर्षं जीव तोडून प्रयत्न केले, शोगुनच्या दरबारातल्या मात्सुदाइरा सादानोबूने तो मिळू दिला नाही, शेवटी 1884 मध्ये मरणोत्तर मिळाला.

हिगाशियामाच्याही वर चढत राहा, मधली नावं भराभर घेतली तरी चालतील, थांबायचं ते गो-हानाझोनोपाशी. इथे रेघ पुन्हा बाजूला वळते. 1428 मध्ये सम्राट शोको निपुत्रिक गेला म्हणून फुशिमी घरातून सादाफुसाचा मुलगा आणला, तो गो-हानाझोनो. धाकटा भाऊ सादात्सुने याने फुशिमी घर पुढे चालवलं. सादाफुसाच्या नावाभोवती लाल गोल करा. आजचा सम्राट आणि फुशिमी वंशातले सगळे, यांचा बापाकडून शेवटचा सामाईक पूर्वज हाच, म्हणजे जवळजवळ 600 वर्षांपूर्वीचा. आणि कागद जरा लांबून बघा, आपण जिला थोरली पाती समजतो तीच दोनदा धाकट्या पातीतून आलेली आहे.

जुन्या चार घरांपैकी उरलेली दोन पटकन काढून घेऊ. कात्सुरा घर आधी हाचिजो नावाचं, मूळ पुरुष तोशिहितो, हा काही काळ तेव्हाचा बलाढ्य सत्ताधारी सरदार तोयोतोमी हिदेयोशी याचा दत्तक मुलगा होता. हे घर शेवटी सुमिको नावाच्या राजकन्येने सांभाळलं आणि 1881 मध्ये ती गेल्यावर बंद झालं. बाईने घराची प्रमुख व्हायचं हे दुर्मीळच, सप्टेंबर 2025 मध्ये राजकन्या अकिको मिकासा घराची प्रमुख झाली तेव्हा सुमिकोचं नाव पुन्हा निघालं. दुसरं आरिसुगावा, 1625 चं, यातून गो-साई गादीवर गेला पण त्याच्यानंतर गादी त्याच्या भावाकडे गेली, म्हणून इथे रेघ वळवायची नाही, नुसती एक छोटी फांदी काढायची. हे घर 1913 मध्ये संपलं.

आता कागदाची उजवी बाजू, इथे जागा भरपूर ठेवा. एकोणिसाव्या शतकात फुशिमी घरात कुनिइए होऊन गेला, मुलंबाळं भरपूर, बरीच मठात दिलेली. मेइजी काळाच्या (1868-1912) आसपास त्यांना मठातून बाहेर काढून त्यांच्यातल्या आणि पुढे त्यांच्या मुलांतल्या एकेकाला घर दिलं गेलं. यामाशिना, कुनी, किताशिराकावा, नाशिमोतो, काया, हिगाशिफुशिमी, ताकेदा, आसाका, हिगाशिकुनी आणि मूळचं फुशिमी. कानइनचा स्वतःचा वंश खुंटल्यावर तिथेही फुशिमीतलाच माणूस गेला. एकूण अकरा, सगळी एकाच माणसाच्या पोटची! या अकराही चौकटींखाली 14 ऑक्टोबर 1947 ही तारीख टाका. युद्ध हरल्यावर, अमेरिकनांच्या ताब्याच्या काळात, या दिवशी 51 जण राजघराण्यातून बाहेर पडले आणि घराचं नाव हेच आडनाव लावून साधे नागरिक झाले. राहिले फक्त शोवा सम्राटाचे तीन भाऊ.

यानंतर निळा पेन घ्या आणि फक्त लग्नं जोडा. चित्र एकदम बदलतं. मेइजीच्या चार मुली ताकेदा, किताशिराकावा, आसाका आणि हिगाशिकुनी घरात दिलेल्या, शोवा सम्राटाची बायको कुनी घरातली, त्याची थोरली मुलगी हिगाशिकुनीत. म्हणजे बापाकडून 600 वर्षं लांब, आईकडून अगदी जवळचे. पुढे गादी कुणाला द्यायची हा आजचा वाद समजायला हे दोन रंग लागतातच. कायद्याने गादी फक्त बापाकडच्या वंशातल्या पुरुषाला, 1947 च्या कायद्यात राजघराण्याला दत्तक घ्यायला बंदी आणि मुलीने बाहेर लग्न केलं की ती बाहेर. तरुण पिढीत असा पुरुष एकटा हिसाहितो, सम्राटाचा पुतण्या, जन्म 2006. डिसेंबर 2021 च्या सरकारी समितीच्या अहवालात दोन वाटा सुचवल्या, मुलींना लग्नानंतरही घराण्यात ठेवायचं किंवा त्या अकरा घरांतल्या पुरुषांना दत्तक घ्यायचं. लाल रेघ धरणाऱ्याला दुसरी वाट पटते, निळी बघणाऱ्याला वाटतं मग मुलींनाच का नाही. मला स्वतःला पहिली वाट जास्त माणुसकीची वाटते, पण झाड काढताना दोन्ही रेघा तेवढ्याच ठळक काढा.

झाड झालं की जागांची नावं त्याच चौकटींत लिहा, म्हणजे कधी जपानला गेलात तर कागद घेऊन फिरता येईल. तोशिहितोच्या चौकटीत क्योतोचा कात्सुरा राजवाडा, त्याने सुरू केला आणि मुलगा तोशितादाने वाढवला. कात्सुरा घराचा क्योतोतला वाडा मेइजी काळात उचलून निजो किल्ल्यात नेला, तोच तिथला होनमारू महाल, 2024 पासून पुन्हा उघडलाय. कानइनचा वाडा क्योतो ग्योएनच्या, म्हणजे जुन्या राजवाड्याभोवतीच्या बागेच्या, नैऋत्य कोपऱ्यात आहे.

तोक्योत मात्र आसाकांचं घर चुकवू नका, आता ते तेइएन आर्ट म्युझियम आहे. 1923 मध्ये फ्रान्समध्ये किताशिराकावा नारुहिसा गाडी चालवताना अपघातात गेला, सोबतचा आसाका यासुहिको जबर जखमी झाला, त्याची शुश्रूषा करायला बायको नोबुको तिकडे गेली, दोघं तिथेच राहिले आणि 1925 चं पॅरिसचं आर्ट डेको (भौमितिक नक्षीची तेव्हाची नवी शैली) प्रदर्शन बघून 1933 मध्ये इकडे तसंच घर बांधलं. आत शिरताना समोर फ्रेंच काच-कलाकार रने लालिकने केलेले काचेचे दरवाजे दिसतात, काचेतूनच उठून आलेल्या पंखवाल्या स्त्रिया, उजेड मागून आला की जिवंत वाटतात. पण त्याच चौकटीत हेही लिहा की डिसेंबर 1937 मध्ये चीनमधल्या नानजिंगवर चाल करून गेलेल्या फौजांपैकी एका फौजेचा सेनापती हाच आसाका होता, तिथे जी कत्तल झाली तिच्याबद्दल त्याच्यावर कधीच खटला चालला नाही.