रक्तातला स्टॅफ हटत नाहीये? जिनोम काढा, पण आधी फ्रीजर बघा

रक्तात स्टॅफ ऑरियस हा जंतू, औषध बरोबर, डोस बरोबर, सेन्सिटिव्हिटीपण ओके (म्हणजे लॅबमध्ये औषध जंतूवर चालतंय) आणि तरी ब्लड कल्चर परत पॉझिटिव्ह, म्हणजे रक्तात जंतू वाढतोच आहे. अशा केसमध्ये होल जिनोम सिक्वेन्सिंग (जंतूचा अख्खा डीएनए वाचणं) खरंच कामाला येतं.

पण त्यासाठी पहिल्या दिवशीचा आयसोलेट (पेशंटच्या रक्तातून वाढवलेला जंतू) उणे 80 अंशाच्या फ्रीजरमध्ये हवा. नुसत्या आजच्या जंतूचे 28 लाख बेस (डीएनएची अक्षरं) वाचून रेफरन्सशी, म्हणजे तुलनेसाठीच्या ठरावीक जिनोमशी, ताडले तर हजारो फरक निघू शकतात, त्यातला उपचार चालू असताना कुठला आला ते कसं ओळखणार? म्हणून पहिला आणि आत्ताचा दोन्ही पाठवा आणि पहिल्याचाच जिनोम रेफरन्स धरायला सांगा. कल्चर प्लेटवरच्या कॉलन्या (जंतूंचे ठिपके) तीन-चार तरी उचला, एकाच पेशंटमध्ये वेगवेगळे म्युटंट (डीएनए बदललेले जंतू) सुखाने एकत्र नांदत असतात.

रिपोर्टमध्ये आधी बघायचं की जंतू तोच आहे का. फरक बोटांवर मोजण्याइतके असले तर जुनंच इन्फेक्शन कुठेतरी दडून बसलंय, शेकड्याने असले तर बहुतेक दुसराच स्ट्रेन घुसलाय.

तोच असेल तर बदल कुठल्या जीनमध्ये झालाय ते बघा. एमपीआरएफमध्ये असला तर डॅप्टोमायसिन हे अँटिबायोटिक चालेनासं झालंय असा संशय घ्या, वॉलकेआरमध्ये असला तर व्हँकोमायसिनवर, आणि आरपीओबी म्हटलं की रिफॅम्पिसिन, तिथे तर एक म्युटेशनही पुरतं म्हणून ते एकटं कधी देतच नाहीत. एजीआर (जंतूची विषं वगैरे नियंत्रित करणारे जीन) बिघडलेलं दिसलं तर घाबरू नका, तेवढ्यावरून औषध बदलायचं नसतं.

संशय म्हणतोय हां. जीन बघून थेट प्रिस्क्रिप्शन लिहू नका, त्याच आयसोलेटची एमआयसी (जंतूची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण) परत करायला सांगा, आणि व्हँकोमायसिनसाठी औषधाची चकती ठेवून करतात ती डिस्क टेस्ट चालत नाही, ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनच (द्रवात औषधाची वेगवेगळी प्रमाणं घालून करायची टेस्ट) हवं.

आणि कामाचा काहीच बदल सापडला नाही तर? लोक म्हणतात टेस्ट फुकट गेली. मला तर हाच रिपोर्ट सगळ्यात उपयोगी वाटतो, कारण जंतू बदललेला नाही म्हणजे बहुतेक औषध त्याच्यापर्यंत पोचतच नाहीये, मग अँटिबायोटिक बदलत बसण्यापेक्षा हृदयाचे व्हॉल्व्ह, मणका, कॅथेटर, पेसमेकरची वायर परत तपासा. अर्थात इको आणि एमआरआय सिक्वेन्सिंगसाठी अडवून ठेवायचे नाहीत, ते पहिल्याच आठवड्यात उरकून घ्या.