बटणावर बसल्यावर फ्लॉपआधी काय खेळायचं

श्रावण लागला की बडोद्यात घरोघरी पत्ते निघतात आणि तीनपत्तीला कंटाळलेली मंडळी हल्ली होल्डेम मांडतात, म्हणजे पोकरचा तो प्रकार ज्यात प्रत्येकाला दोन पानं मिळतात आणि टेबलावरची पाच पानं सगळ्यांची असतात. पण तीनपत्तीची सवय सुटत नाही: पानं बघायची, बरी वाटली तर चाल, नाहीतर पॅक. होल्डेममध्ये पानांइतकीच जागाही बघावी लागते. बटणावरचा, म्हणजे वाटप करणाऱ्याची खूण ज्याच्यासमोर असते तो, फ्लॉपनंतर (टेबलावर पहिली तीन पानं उघडल्यावर) प्रत्येक फेरीत शेवटी बोलतो. बाकीच्यांनी काय केलं ते बघून त्याला ठरवता येतं, म्हणून मधल्या दर्जाची पानंही त्याला परवडतात. बटणाच्या उजवीकडची जागा म्हणजे कटऑफ. उशिराच्या जागा या दोनच.

चिप्स फक्त गुणांसाठी ठेवा. गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये पोकरला जुगार ठरवलंय आणि पैसे लावून ऑनलाइन खेळायला 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. सहा जणांसाठी ब्लाइंड 10 आणि 20 (बटणाच्या डावीकडच्या दोघांनी पानं बघण्याआधीच भरायच्या चिप्स; 20 भरणारा तो बिग ब्लाइंड), प्रत्येकाला 2000 चिप्स: दहाच्या 20, पन्नासच्या 8, शंभरच्या 14. खालचे आकडे याच हिशोबाने आहेत.

आधीचे सगळे पॅक झाले, तर बटणावरून हे खेळा: सगळ्या जोड्या. एक्क्यासोबत कुठलंही पान. कलरचा (दोन्ही पानं एकाच रंगाची, जसं दोन्ही बदाम) राजा कुठल्याही पानासोबत, कलरची राणी चौकीपर्यंत (दुसरं पान चौकी किंवा तिच्या वरचं), गुलाम आणि दश्शी छक्कीपर्यंत. कलरच्या लागोपाठ किंवा जवळच्या पानांत नव्वी छक्कीपर्यंत, अठ्ठी-सत्ती, अठ्ठी-छक्की, सत्ती-छक्की, सत्ती-पंजी, छक्की-पंजी, पंजी-चौकी. कलर नसेल तर राजा अठ्ठीपर्यंत, राणी आणि गुलाम नव्वीपर्यंत, शिवाय दश्शी-नव्वी. दोन पानांच्या एकूण 1326 जोडण्या होतात, त्यातल्या या 550, म्हणजे साधारण 41 टक्के.

कटऑफवरून मात्र हात आवरा, कारण मागे अजून बटण बोलायचं आहे. सगळ्या जोड्या आणि कलरचे सगळे एक्के तसेच राहू द्या. कलरचा राजा पंजीपर्यंत, राणी-गुलाम-दश्शी अठ्ठीपर्यंत, आणि नव्वी-अठ्ठी, अठ्ठी-सत्ती, सत्ती-छक्की. कलर नसलेला एक्का अठ्ठीपर्यंत. राजा, राणी, गुलाम दश्शीपर्यंत. हे 350 हात, जेमतेम 26 टक्के.

खेळायचं तर रेजच, म्हणजे रक्कम वाढवूनच. नुसता 20 भरून आत शिरलात तर बिग ब्लाइंडला फुकटात फ्लॉप दिसतो आणि न खेळता पॉट (मधे जमलेल्या चिप्स) जिंकायची संधी जाते. पॉटात आधीच 30 पडलेले असतात. रेज 50 चा केला, तर दोघं ब्लाइंडवाले 80 पैकी 50 वेळा, म्हणजे 62.5 टक्के वेळा पॅक झाले की तुमची भरपाई होते. 40 चा केला तर 57 टक्के पुरे. मग नेहमी 40 का नाही? कारण तेव्हा बिग ब्लाइंडला 70 च्या पॉटसाठी फक्त 20 घालायचे असतात. 22 टक्के जिंकायची आशा असली तरी त्याला कॉल (तेवढेच भरून डावात राहणं) परवडतो. 50 ला हाच आकडा 27 टक्के होतो.

खरा घोळ घरच्या टेबलावर होतो. काकांना पॅक करायचंच नसतं. असे दोन जण ब्लाइंडवर असतील तर रेज 60 ते 80 वर न्या आणि राजा-अठ्ठी, दश्शी-नव्वीसारखे कलर नसलेले हलके हात सोडून द्या. हे हात समोरचा घाबरून पॅक झाला तरच कमाई देतात. मोठा हात आहे म्हणून रेज वाढवू नका. दोन डावांत सगळ्यांच्या लक्षात येतं.

आधी कोणी नुसता 20 भरून आत आला असेल तर 80 ला रेज करा, आणि असा प्रत्येक जादा माणूस म्हणजे आणखी 20. हा रेज चांगल्या एक्क्यांनी, मोठ्या जोड्यांनी, राजा-राणीने. दुर्री-तिर्रीच्या जोड्या असतील तर मागून 20 भरणं चालतं. तिसरं पान आलं नाही तर सोडता येतं.

कटऑफने 50 चा रेज केला आणि तुम्ही बटणावर असाल, तर दश्शीपासून वरच्या जोड्या, एक्का-राजा आणि कलरचे एक्का-राणी घेऊन 150 च्या आसपास पुन्हा रेज करा. मधूनमधून कलरचा एक्का-पंजी किंवा एक्का-चौकीही त्यात मिसळा. तुमच्या हातात एक एक्का असला की समोरच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याचे प्रकार 6 वरून 3 वर येतात, एक्का-राजाचे 16 वरून 12 वर. लहान आणि मधल्या जोड्यांनी, कलरच्या राजा-गुलामाने कॉल करा. कलर नसलेला एक्का-सत्ती इथे पॅक. एक्का लागला तरी दुसरं पान मार खातं.

तुमच्या 50 वर बिग ब्लाइंडने 200 केले तर 260 च्या पॉटसाठी 150 घालायचे असतात, म्हणजे जवळपास 37 टक्के हवेत. जागा तुमची आहे म्हणून मधल्या जोड्या, कलरचे राजा-राणी, एक्का-राणी टिकतात. राजा-अठ्ठी लगेच पॅक करा.

चिप्स 200 वर आल्या की हे सगळं बाजूला. बटणावरून कोणतीही जोडी, बहुतेक एक्के आणि बड्या चित्रांचे हात घेऊन सगळं एकदम पुढे ढकला, नाहीतर पॅक. 50 चा रेज करून मग माघार घेण्याइतक्या चिप्सच उरलेल्या नसतात.