रेल्वे मॉडेलवरची माती पोपडे धरून निघत होती, ती अशी बसली

माझा लेआउट, म्हणजे रुळांसकटचा छोटा देखावा, १:८७ मापाचा (खऱ्याच्या ८७ पट लहान), बेळगाव जिल्ह्यातल्या लोंढ्याकडच्या रानातून जाणारी लाईन. माती खरीच, खानापूरची तांबडी. गवत म्हणून हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा. पण फेविकॉलचं पाणी टाकलं की थेंब मोत्यासारखा गोल उभा राही, आजूबाजूची माती गुंडाळून घेई आणि वाळल्यावर पोपडा निघे.

फेविकॉल घट्ट केला, ब्रशनं लावला, थर जाड केला. दोन महिन्यांत जीव मेटाकुटीला आला.

दोष गोंदाचा नव्हताच. कोरडी बारीक माती पाणी लगेच आत घेत नाही. शेवटी हा क्रम लागू पडला.

माती कढईत भाजून चहाच्या गाळणीतून चाळली. मग तिच्यात चुंबक फिरवला. हे चुकवू नका, तांबड्या मातीतले लोहाचे कण इंजिनाच्या मोटरला चिकटतात. लेआउटच्या तपकिरी रंगवलेल्या तळावर फेविकॉलचा पातळ हात, वर माती, मग भुसा. त्यावर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल धुक्यासारखं फवारलं, माती गडद होईपर्यंत (खिडक्या उघड्या, जवळ ज्योत नको). ओलं असतानाच एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब, हे मिश्रण ड्रॉपरनं कडेकडेनं सोडलं. थेंब टेकताच आत गेला! पुढे २४ तास हात लावला नाही.

झाडांना तांब्याच्या तारेचा पीळ, फांद्यांवर विंचरलेला काथ्या, हेअरस्प्रे, लगेच भुसा. १५ सेंटीमीटरचं झाड म्हणजे खरं १३ मीटरचं. भुसा मात्र दोन-तीन छटांचा घ्या, एकाच हिरव्यात रान खोटं दिसतं.