टायफॉईड समजून अडीच महिने गेले, निघाला ब्रुसेला: इंटर्नशिपला निघालेल्या व्हेट पोरापोरींसाठी

इंटर्नशिप सुरू व्हायच्या सुमारास ज्युनियर्सचे मेसेज येतात, मॅडम बॅगेत काय काय ठेवू, कुणाच्या हाताखाली शिकू, फिल्डवर मुलींना जमतं का. सगळ्यांना एकदाच लिहिते. पण आधीच सांगते, यातलं निम्म्याहून जास्त एकाच आजाराबद्दल असणार आहे, कारण त्यानं माझं जवळपास एक वर्ष खाल्लं. ब्रुसेला म्हणजे गाईम्हशी-शेळ्यांना गाभडायला लावणारा आणि त्यांच्यापासून माणसालाही लागणारा जंतू, ते तुम्हाला माहीत आहे, मायक्रोबायोलॉजीला पाठ केलंय, व्हायव्हात सांगितलंय. मलाही सगळं माहीत होतं, मी तर डिपार्टमेंटमध्ये बसून गाईंच्या शेकडो सीरमवर रोज बेंगाल, म्हणजे ब्रुसेलाची रक्ततपासणी, केलेली आहे. तरी सापडले.

झालं असं की पास होऊन मी सातारा जिल्ह्यात एका सीनियर प्रॅक्टिशनरांबरोबर फिरायला लागले. माणूस कामाला तेज, हात हलका, शेतकरी त्यांच्या नावानं गाडी थांबवायचे. त्यांचं एकच म्हणणं, ग्लोव्ह घातला की हाताला काही कळत नाही, तीस वर्षं उघड्या हातानं जार (वार) काढतोय, मला काय झालं? आणि मी मुलगी, गोठ्यावर गेलं की आधी दहा जणं बघणार हिला जमतंय का, त्यामुळे मला तर ग्लोव्ह घालणं म्हणजे घाण वाटते असं दाखवल्यासारखं वाटायचं. स्लीव्हचा, म्हणजे खांद्यापर्यंतच्या ग्लोव्हचा, अख्खा बॉक्स गाडीच्या डिकीत होता. नोव्हेंबरचा महिना, एचएफ (होल्स्टिन) गाय आठव्या महिन्यात गाभडलेली, जार लोंबतोय, मालक म्हणतोय मॅडम तेवढा काढून द्या, वास मारतोय. थंडीनं माझी बोटं उललेली. खांद्यापर्यंत हात घातला, वीस मिनिटं एकेक गाठ सोडवत बसले, जार काढला, सगळ्यांनी वा वा केली. घरी येऊन साबणानं हात धुतले आणि जेवले.

आता यात किती चुका झाल्या ते सांगते. जनावर आठव्या महिन्यात गाभ टाकतंय म्हटल्यावर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ते ब्रुसेलाचंच धरायचं. गाभणपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांतच का गाभडते, तर गाईम्हशीच्या गर्भाशयात त्या काळात एरिथ्रिटॉल नावाची साखर भरपूर असते आणि हा जंतू तिच्यावर पोसतो. म्हणजे जार, गर्भजल, मेलेलं वासरू हे सगळं जंतूंनी खच्चून भरलेलं असतं. तो उललेल्या कातडीतून आत जातो, डोळ्यात शिंतोडा उडाला तर डोळ्यातून जातो, श्वासातूनही जातो. दुसरं, जार हातानं ओढून काढायची गरजच नव्हती. बारा तासांत पडला नाही तर अडकला म्हणायचं हे खरं, पण गाय खातेय-पितेय, ताप नाही, तर लोंबणारा भाग कापून टाका, गाईवर लक्ष ठेवा, ताप आला तर अँटिबायोटिक द्या. ओढून काढलात तर गर्भाशयाला आतून जखमा होतात आणि पुढे गाय लवकर माजावर येत नाही, आली तरी गाभ धरत नाही, उलटते. मालकाला हे पटवणं अवघड जातं कारण त्याला डॉक्टरनं हात घातलेला बघायचा असतो, पण पटवा. मला वाटतं निम्मे सीनियर ही गोष्ट नुसती मालकाच्या समाधानासाठी करत आलेत आणि आपल्याला तेच शिकवत आलेत.

आणि तिसरं, जे पुस्तकात असून आपल्या डोक्यात बसत नाही. ब्रुसेलाची गाय एकदा गाभडते, पुढच्या वेताला बहुतेक वेळा नीट विते. वासरू धडधाकट, दूध चालू, मालक खूश. पण त्या प्रत्येक वेताला ती जंतू टाकतच असते, जारेतून, स्रावातून, दुधातून. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिक तापानं मरत होते, त्यांच्या लष्करातल्या डॉक्टर डेव्हिड ब्रूसला 1887 मध्ये जंतू सापडला, पण तो माणसांत येतो कुठून हे कळायला 1905 उजाडलं, तेव्हा झॅमिट या माल्टाच्याच डॉक्टरला दिसलं की वरून ठणठणीत असलेल्या शेळ्यांच्या अंगातच तो आहे. अठरा वर्षं लागली कारण शेळ्या आजारी दिसतच नव्हत्या. म्हणून जनावर कसं दिसतंय यावर ग्लोव्ह घालायचा की नाही हे ठरवू नका, प्रत्येक वेताला घाला.

आता माझा खरा सापळा. ग्लोव्ह नाही घातला ती चूक झाली, पण वर्ष गेलं ते पुढच्या गोष्टीमुळे, म्हणून हे जरा लांबण लावून लिहिते.

डिसेंबरच्या मध्यावर ताप सुरू झाला. सकाळी बरी, चार वाजले की कणकण, रात्री उशी भिजेल इतका घाम. घराजवळच्या दवाखान्यात गेले, रक्त दिलं, विडाल ही टायफॉईडची टेस्ट पॉझिटिव्ह. टायफॉईड. दहा दिवस गोळ्या, ताप उतरला, मी परत कामावर. जानेवारीत परत तेच. परत विडाल, परत पॉझिटिव्ह, या वेळी सलाईनमधून इंजेक्शनं. परत बरं वाटलं. तिसऱ्यांदा ताप आला तेव्हा कंबर इतकी धरली होती की गाडीला किक मारता येईना, आई म्हणाली बाहेरचं खातेस, पाणी कुठलंही पितेस, दुसरं काय होणार. तिन्ही वेळा मला डॉक्टरांनी विचारलं, काय करता? आणि मी तिन्ही वेळा म्हणाले, डॉक्टर आहे. बस्स. एवढंच. गुरांची डॉक्टर आहे, नोव्हेंबरमध्ये गाभडलेल्या गाईच्या गर्भाशयात उघडा हात घातलाय, हे मी सांगितलंच नाही. का नाही सांगितलं? एक म्हणजे लोक ढोरडॉक्टर म्हणतात त्याची कुठेतरी लाज होती. आणि दुसरं म्हणजे मला स्वतःलाच ते सुचलं नाही, माझ्या डोक्यात ब्रुसेला हा गाईंचा आजार होता, परीक्षेतला आजार होता.

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. विडालचं एका सॅम्पलवरचं उत्तर तसंही कच्चं असतं, आपल्याकडे टायफॉईडच्या जंतूशी कधी ना कधी गाठ पडलेली असतेच, त्यामुळे आकडा वर दिसू शकतो. संध्याकाळचा ताप, घाम, सांधेदुखी घेऊन येणाऱ्या शंभर जणांत गोठ्यात काम करणारा कोण हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं ना. ते आपणच सांगायचं. असं सांगायचं: मी जनावरांचा डॉक्टर आहे, अमुक तारखेला गाभडलेलं जनावर हाताळलं, हातावर जखम होती, ब्रुसेला, लेप्टो आणि क्यू फिव्हर हे जनावरांकडून येणारे आजार डोक्यात ठेवून बघाल का. आणि ब्लड कल्चर पाठवत असतील तर लॅबला आधी ब्रुसेलाचा संशय सांगायला लावा, कारण एकतर हा जंतू सावकाश वाढतो, प्लेट लवकर फेकून दिली तर दिसणार नाही, आणि दुसरं म्हणजे लॅबमधल्या लोकांना तो हवेतून सहज लागतो. आपल्या गप्प बसण्यानं तिथला टेक्निशियन आजारी पडू शकतो.

शेवटी कॉलेजमधल्या मायक्रोच्या मॅडमना सहज वेगळ्याच कामासाठी फोन केला होता. आवाज ऐकून म्हणाल्या, काय गं, बरी नाहीस का? मी सगळं सांगितलं. त्या दोन सेकंद गप्प झाल्या आणि म्हणाल्या, अगं, स्वतःची रोज बेंगाल केलीस का? मी फोन धरून रडले. दुसऱ्या दिवशी रक्त दिलं, प्लेटवर एक थेंब सीरम, एक थेंब गुलाबी अँटिजेन, चार मिनिटंही लागली नाहीत, दाणे दाणे, म्हणजे पॉझिटिव्ह. ट्यूब टेस्ट 1:640 आली. माणसात 1:160 किंवा त्याच्या वर आणि सोबत लक्षणं असली की गंभीरपणे घेतात.

उपचारांबद्दल. एमडी फिजिशियनकडे गेले, त्यांनी आधी छातीचा एक्स-रे काढला, टीबी नाही ना बघितलं, कारण रिफाम्पिसिन हे टीबीचंही औषध, आत टीबी लपलेला असताना ते असं अर्धवट दिलं तर टीबीचा जंतू त्याला दाद द्यायचा बंद होतो. लिव्हरच्या टेस्ट केल्या. मग डॉक्सीसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि रिफाम्पिसिन, दोन्ही सहा आठवडे. दुसरा पर्याय डॉक्सी सहा आठवडे आणि सोबत दोन-तीन आठवडे स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं. दोन औषधं आणि इतके दिवस का, तर हा जंतू आपल्या पांढऱ्या पेशींच्या आत घर करून बसतो, त्यामुळे पेशीत शिरणारी औषधं लागतात आणि भरपूर दिवस लागतात. एकच औषध घेतलं किंवा मध्येच सोडलं तर आजार उलटतो. मला तिसऱ्या आठवड्यात एकदम बरं वाटलं आणि मळमळ तर इतकी व्हायची की सोडून द्यावंसं वाटलं. सोडू नका. डॉक्सी भरपूर पाण्याबरोबर घ्या, घेऊन लगेच आडवं होऊ नका, अन्ननलिका सोलवटते. लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नका. मुलींनो, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर रिफाम्पिसिननं त्यांचा परिणाम कमी होतो, आणि दिवस राहिले असतील तर औषधंच वेगळी लागतात, हे डॉक्टरांशी न लाजता बोला.

आणि कृपा करून स्वतःच्या बॅगेतलं औषध स्वतःला टोचू नका. आपल्याकडे ऑक्सिटेट्रा असतं, स्ट्रेप्टोपेनिसिलिन असतं, अंगात कणकण आली की टोचून घेणारे मी पाहिलेत. याच सवयीनं आजार अर्धवट दबतो आणि निदान लांबतं. मला याचा फार राग आहे.

बरं होतं का? होतं. पूर्ण होतं. माझा ताप दहा दिवसांत गेला, कंबर सुटायला चार महिने लागले, थकवा अजून दोन. आज मी रोज पन्नास-साठ किलोमीटर गाडीवर फिरते. त्यामुळे हे वाचून फिल्ड सोडायचा विचार करू नका.

लसीचं पण सांगते, कारण कॅम्पला तुम्हीच असणार. एस-19 ही जनावरांसाठीची ब्रुसेलाची जिवंत लस आहे. केंद्राच्या 2019 पासूनच्या कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना आयुष्यात एकदाच देतात, नरांना आणि गाभण जनावरांना द्यायची नाही. कालवड उडी मारते, सुई तुमच्या बोटात. हे होतंच. तेव्हा चष्मा, ग्लोव्ह घाला, सुईला परत टोपण लावत बसू नका, आणि टोचलीच तर धुवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, रक्ताचं एक सॅम्पल तेव्हाच काढून ठेवा, तीन आठवडे डॉक्सी-रिफाम्पिसिन साधारण देतात. काही होत नाही म्हणणारा कुणी ना कुणी शेजारी उभा असेल, त्याचं ऐकू नका.

रेबीजबद्दल थोडक्यात: इंटर्नशिपच्या आधीच लस घ्या, 0, 7 आणि 21 किंवा 28 व्या दिवशी. गाय लाळ गाळतेय, हंबरतेय, गिळता येत नाही, मालक म्हणतो घशात काहीतरी अडकलंय, हात घालून बघा. नका घालू. आधी विचारा, महिना-दोन महिन्यांत कुत्रं चावलं होतं का. ब्रुसेलाला औषध आहे, रेबीजची लक्षणं सुरू झाली की काही हातात राहत नाही.

बाकी भीती कशाची धरायची हेही शिका. 2022 ला लंपीची मोठी साथ आली तेव्हा लोक दूध प्यायला घाबरत होते, लंपी तर माणसाला होतच नाही, तो गोचीड, माश्या, डासांमधून गुरागुरांतच फिरतो. आणि तीच माणसं गाभडलेलं वासरू उघड्या हातानं उचलून ओढ्याकाठी टाकत होती, कुत्री ते गावभर ओढत होती. गाभडलेलं वासरू आणि जार खोल खड्ड्यात, चुना टाकून पुरायला लावा, समोर उभं राहून.

औषधं संपल्यावर मी त्या नोव्हेंबरच्या गोठ्यावर परत गेले. अकरा जनावरं, तपासली तर तीन पॉझिटिव्ह. जनावरावर आपण उपचार करत नाही, जंतू कासेत आणि लसिकागाठींत बसून राहतो, दूध अँटिबायोटिकनं वाया जातं ते वेगळंच. पॉझिटिव्ह जनावर काढून टाका असं पुस्तक म्हणतं, पण काढून कुठं टाकायचं हे कुणी सांगत नाही, लाखाची गाय आहे ती. एक गाय मालकानं माझ्या नकळत बाजारात विकली, म्हणजे ब्रुसेला दुसऱ्याच्या गोठ्यात गेला, आणि त्याबद्दल मी काही करू शकले नाही हे मला अजून सलतं. त्या घरातल्या आजी धारोष्ण दूध प्यायच्या, दोन वर्षं गुडघे आणि अधूनमधून ताप, वय झालं म्हणून सोडून दिलेलं. त्यांचीही टेस्ट पॉझिटिव्ह आली, औषधं पूर्ण केली, आता दूध उकळून घेतात.

उरलेल्या दोन गाई मालकानं वेगळ्या छपरात बांधल्यात, त्यांची दावण वेगळी, पाण्याची टाकी वेगळी. त्यातली एक मार्चमध्ये विणार आहे. मी मालकाला सांगून ठेवलंय, रात्री दोन वाजले तरी फोन करा, मी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, आणि खड्डा आदल्या आठवड्यातच खणून ठेवा.